२३ पॅटर्न पाठ आहेत, पण वापरायचे कुठे?

प्रश्न : मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिझाइन पॅटर्नच्या, म्हणजे कोड लिहिताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींवरच्या ठरलेल्या तोडग्यांच्या, आकृत्या पाठ केल्यात. पण प्रोजेक्टसाठी मार्केट यार्डातल्या हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर लिहायला बसलो की कुठला पॅटर्न कुठे लावायचा तेच सुचत नाही. – एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : आकृत्यांच्या नादाला तूर्त लागू नकोस. स्ट्रॅटेजी आणि स्टेट या दोन पॅटर्नच्या आकृत्या शेजारी ठेवून बघ, जवळजवळ सारख्याच दिसतील. फरक हेतूत आहे. एकात कामाची रीत बाहेरून निवडून दिली जाते. दुसऱ्यात ऑब्जेक्टची अवस्था पालटली की त्याचं वागणं पालटतं. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांच्या १९९४च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकातही, जिथून हे २३ पॅटर्न आले, प्रत्येक पॅटर्न आधी हेतू सांगतो, आकृती नंतर येते.

आता तुझी पट्टी. कांद्याचा भाव क्विंटलवर, टोमॅटोचा क्रेटवर, कोथिंबिरीचा शेकडा जुड्यांवर. तू बहुधा एकाच क्लासमध्ये इफ-एल्सची ('असं असेल तर हे, नाहीतर ते') उतरंड रचली असशील. उद्या किलोवर विकली जाणारी द्राक्षं आली की चालता कोड उघडायचा, आणि द्राक्षांपायी कांद्याची पट्टी चुकायची. शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम आहे ती, तिथे चूक चालत नाही. म्हणून आधी स्वतःला विचार, यात सारखं बदलतंय काय? रक्कम काढायची रीत. मग तीच बाहेर काढ. 'रक्कम काढ' एवढी एकच मेथड असलेला इंटरफेस (काय करायचं तेवढं सांगणारा, कसं ते क्लासवर सोडणारा करार) कर आणि क्विंटल, क्रेट, शेकडा असे त्याचे तीन क्लास लिही. पट्टीच्या क्लासला त्यातला हवा तो दे; हमाली-तोलाई वजा करणं, छापणं तिथेच राहू दे. झाली स्ट्रॅटेजी. मात्र क्लास वाढतात, आणि कुठल्या मालाला कुठली रीत हे कुठेतरी ठरवावंच लागतं. रीती दोनच असतील आणि वाढणार नसतील, तर साधं इफ-एल्स बरं.

लिलावात भाव ठरला की फलकावर आकडा, शेतकऱ्याला मेसेज, व्यापाऱ्याच्या खात्यात नोंद, असं अनेकांना कळवायचं असेल तर एक बदल झाला की नोंदलेल्या सगळ्यांना कळवणारा ऑब्झर्व्हर पॅटर्न बघ. नुसता फलकच असेल तर मेथड थेट कॉल कर.

सिंगलटन, म्हणजे क्लासचा एकच ऑब्जेक्ट बनवून तो सगळीकडे वापरायचा पॅटर्न, लांब ठेव. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं आधी तोच उचलतात, कारण लिहायला सोपा. पण बहुतेक वेळा तो कोडमध्ये कुठूनही हात लावता येणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलसारखाच वापरला जातो, आणि मग टेस्ट लिहिताना खऱ्या डेटाबेसच्या जागी खोटा बसवणं अवघड होतं. त्यापेक्षा डेटाबेसचं कनेक्शन कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमधून) आत दे, म्हणजे शेकडाभर जुड्यांची पट्टी डेटाबेस न लावताही तपासता येईल.