दुपारच्या मालिकांचा प्रेक्षक नेमका कुठे गेला?

आपण विचारले आहे की, एके काळी दुपारी घरोघरी चालणाऱ्या मालिका का ओसरल्या आणि त्यांचा घसरलेला दर्जा हेच त्याचे कारण मानावे का. मी नागपुरात महाल भागात बरीच वर्षे केबलचा व्यवसाय केला आणि हा बदल मला प्रामुख्याने तक्रारीच्या फोनांतून कळत गेला. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की दर्जा हे दुय्यम कारण आहे. दुपारची मालिका ज्या मोकळ्या वेळेच्या आधारावर उभी होती, ती वेळच घरांतून नाहीशी झाली.

ती वेळ कशी होती, हे नागपूरच्या उन्हाळ्यावरून चांगले समजते. एप्रिल-मे महिन्यांत बारा वाजल्यापासून चार-साडेचारपर्यंत येथे कोणी विनाकारण घराबाहेर पडत नाही. पुरुष कामावर गेलेले, मुले जेवून पडलेली आणि सकाळचा स्वयंपाक आटोपलेल्या बायका कूलरसमोर बसलेल्या, असे चित्र बहुतेक घरांत असे. त्यांचे हात मात्र रिकामे नसत. वर्षभराची चिंच फोडायची असे, वाळवण राखायचे असे, गहू-तांदूळ निवडायचे असत. आणि अशा कामाला डोळ्यांपेक्षा कानांनी पाहता येणारी करमणूक हवी असते. मालिकेतील पात्रे मनातले सगळे मोठ्याने बोलून दाखवतात आणि एकच प्रसंग तीन-तीन दिवस चालतो, यावर टीका खूप झाली. परंतु चिंचोके वेगळे करताना मधूनच मान वर करणाऱ्या बाईला गोष्टीचा धागा सापडावा, यासाठी ती रचना अगदी योग्य होती. कूलरच्या घरघरीवर मात करण्यासाठी टीव्हीचा आवाज इतका वाढवलेला असे की गल्लीतून चालताना एका घरातला संवाद पुढच्या घरात पूर्ण झालेला ऐकू येई. उन्हाने एखादा ॲम्प्लिफायर, म्हणजे तारेतला सिग्नल वाढवणारे यंत्र, बंद पडला, तर आमच्या कंट्रोल रूममधला फोन लगेच वाजू लागे: “भाऊ, केबल काहून बंद आहे जी? आमची मालिका निघून जाते नं!” सायंकाळी केबल गेली तर घरातले पुरुष फोन करत, दुपारी फोन करणाऱ्या जवळजवळ सर्व बायकाच असत.

या सवयीची सुरुवात केबलमुळे झालेली नाही. दूरदर्शनवर १९९४ मध्ये ‘शांती’ आणि १९९५ मध्ये ‘स्वाभिमान’ या दैनंदिन मालिका दुपारी लागत आणि छतावर साधा अँटेना असलेल्या घरालाही त्या दिसत. पुढे मराठी दूरदर्शनवर ‘दामिनी’ आली, तीही दुपारचीच. मात्र २००० च्या सुमारास खासगी वाहिन्यांनी आपले सारे बळ सायंकाळवर लावले, कारण त्या वेळी संपूर्ण कुटुंब टीव्हीसमोर असे आणि जाहिरातींचा दरही चढा मिळे. दुपारी मग रात्रीच्याच भागांचे पुनःप्रक्षेपण होऊ लागले. एकदा चित्रित झालेला भाग पुन्हा दाखवायला वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. त्यामुळे दुपारसाठी स्वतंत्र कलाकार, सेट आणि लेखक पोसणे वाहिन्यांना परवडेनासे झाले. स्टार प्लसने एप्रिल २०१७ मध्ये दुपारसाठी चार नव्या मालिका एकदम सुरू करून पाहिल्या, परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर हा प्रयोग थांबला: तीन मालिका बंद झाल्या आणि एक दुसऱ्या वेळेवर हलवली गेली.

ही गोष्ट आपल्याकडचीच नाही. साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर रेडिओवर वाढलेला हा प्रकार मूळचा अमेरिकेचा. तेथे १९३७ मध्ये रेडिओवर सुरू होऊन १९५२ मध्ये टीव्हीवर आलेली ‘गायडिंग लाइट’ २००९ मध्ये बंद पडली आणि दुपारी घरी असणारी गृहिणी नोकरीवर गेली, हे तिच्यासारख्या मालिकांच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण मानले जाते. नागपुरात तेच थोडे उशिरा घडले. ज्या घरांत आम्ही नव्वदच्या दशकात केबलची पहिली तार ओढली, त्या घरांतल्या सुना आज शाळेत, बँकेत, दवाखान्यात किंवा विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पातल्या कार्यालयात असतात. दुपारी त्या घरी कुलूप असते, किंवा एकटी सासू असते.

यात आमच्या व्यवसायातील बदलांची भर पडली, ज्यांच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. ॲनालॉग केबलच्या काळात एका मासिक रकमेत सगळ्या वाहिन्या सगळ्यांना दिसत. मार्च २०१३ अखेरच्या मुदतीने नागपूरसह देशातील ३८ शहरांत सेट टॉप बॉक्स अनिवार्य झाला आणि २०१९ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नव्या नियमांनी १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी करांव्यतिरिक्त १३० रुपयांपर्यंत शुल्क व सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे, अशी पद्धत आली. ग्राहकाला निवडीचा अधिकार मिळाला हे खरे, परंतु ती यादी घरातले कमावते लोक ठरवत आणि काटछाट करताना क्रिकेट, बातम्या व लहान मुलांच्या वाहिन्या राहत. दुपारी एकट्याने टीव्ही पाहणाऱ्या आजींना त्यांचे मत विचारले गेल्याचे मी फारसे पाहिले नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. तोवर २०१६ पासून मोबाइलचा डेटा स्वस्त झाला होता. सुटलेला भाग रात्री फोनवर पाहता येऊ लागल्यावर ठरावीक वेळ गाठण्याची गरजच उरली नाही. लोकांनी मालिका सोडल्या नाहीत. त्यांनी घड्याळ सोडले.

दर्जाचा मुद्दा मी पूर्णपणे नाकारत नाही. कथा ताणल्या जातात आणि मराठी मालिकांतली घरे बहुतांश मुंबई-पुण्याचीच वाटतात. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतली राधिका नागपूरची होती आणि आमच्याकडच्या बोलीत बोलत होती, तेव्हा येथल्या बायकांना तिच्याविषयी वाटलेली आपुलकी मी वसुलीला जाताना दारोदारी ऐकली आहे. पण ती मालिका रात्रीची होती. दुपार रिकामी होण्याला ताणलेली कथा कारणीभूत असती, तर तितक्याच ताणलेल्या रात्रीच्या मालिकाही ओस पडल्या असत्या.

शिवाय दुपार पुरती संपलेलीही नाही. स्टार प्रवाहने २०२२ मध्ये दुपारी दीड वाजता ‘मुरांबा’ आणि २०२३ मध्ये दुपारी दोन वाजता ‘शुभविवाह’ सुरू केली आणि त्या मालिका टिकल्या. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा मोठा प्रेक्षक म्हणजे घरी राहिलेल्या ज्येष्ठ स्त्रिया, सेवानिवृत्त जोडपी आणि गल्लाशेजारी टीव्ही लावून बसणारे छोटे दुकानदार. हा वर्ग पूर्वीइतका मोठा नाही, परंतु तो रोज येतो आणि फोनवर भाग शोधत बसत नाही. वाहिन्यांनी त्याला उरलासुरला प्रेक्षक समजू नये, असे मला मनापासून वाटते. पासष्ट वर्षांची बाई दुपारी टीव्ही लावते आणि पडद्यावर तिच्या वयाची स्त्री एकतर कपट करताना किंवा पूजेचे ताट धरून मागे उभी असताना दिसते. तिच्या वयाच्या नायिकेची, तिच्या पेन्शनची, तिच्या दूर गेलेल्या मुलांची आणि तिच्या मैत्रिणींची एखादी मालिका कोणी दुपारच्या वेळेत लावली, तर ती पाहणारी माणसे आमच्या जुन्या गल्ल्यांत आजही आहेत.