अकाली जन्मलेल्या बाळांवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी

संशोधनाचा प्रश्न पक्का करण्याआधी नवजात अतिदक्षता विभागात काही काळ केवळ निरीक्षण करावे, असे मी आग्रहाने सुचवेन. पावलाला लावलेला प्राणवायुमापक, नाकातली नळी आणि डायपर बदलताना ताणली जाणारी इवली बोटे पाहिल्याशिवाय आपली चाचणी त्या जिवाला किती थकवते, याचा अंदाज येत नाही. बाळ वारंवार जांभया देऊ लागले, नजर वळवू लागले, की नोंद अपुरी राहिली तरी थांबावे.

वयाच्या हिशेबात मात्र जराही ढिलाई नको. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म अकाली मानतात. ३० व्या आठवड्यात जन्मलेले बाळ २६ आठवड्यांचे झाले, तरी ४० आठवड्यांच्या हिशेबाने त्याचे सुधारित वय, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय, १६ आठवडेच धरावे लागते. बाळांच्या मज्जासंस्थेचे अभ्यासक हाइन्झ प्रेख्टल यांच्या पद्धतीत मज्जासंस्थेचा अंदाज घेण्यासाठी बाळाच्या आपसूक होणाऱ्या हालचाली पाहतात. त्यांतल्या बारीक, सतत चालणाऱ्या हालचालींचा काळ सुधारित वयाच्या साधारण ३ ते ५ महिन्यांचाच असल्याने भेट हुकली, की ती नोंद कायमची गेली.

खरा कस लागतो तो पाठपुराव्यात. भेटीला न येणारी कुटुंबे बरेचदा अधिक अडचणीत असतात आणि ती गळाली, तर निष्कर्ष वास्तवापेक्षा चांगले दिसू लागतात. म्हणून त्यांच्या प्रवासखर्चाची आणि गृहभेटींची तरतूद अनुदानाच्या अर्जातच करावी. ‘आमचे बाळ पुढे ठीक राहील ना?’ असे पालक विचारतीलच. एका चाचणीच्या आधारे त्याचे ठाम उत्तर देऊ नये, त्यांना उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी जोडून द्यावे.