दुधाची पिशवी, सेवचं पाकीट आणि न्यूजर्सीचा भाचा

माझा भाचा न्यूजर्सीला असतो. तो म्हणतो, तुमची वीज कोळशाची, त्यामुळे तुमचं पॅकिंगही आमच्यापेक्षा जास्त कार्बन सोडणारं. खरं आहे का? (सुदामानगर, इंदूर)

विजेचं त्याचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत जवळपास निम्मा. पण पिशवीचं प्लास्टिक काही नुसत्या विजेवर होत नाही. बराचसा कार्बन खनिज तेल किंवा वायूपासून प्लास्टिकचा दाणा बनवतानाच निघतो, किलोमागे ढोबळमानाने दोन किलो. म्हणून आधी वजन बघायचं.

आपली लिटरभर दुधाची पिशवी पाच-सहा ग्रॅमची. भाच्याच्या फ्रिजमधला गॅलनचा कॅन साठेक ग्रॅमचा, त्यात दूध 3.8 लिटर. म्हणजे लिटरमागे सोळा ग्रॅम, आपल्या जवळजवळ तिप्पट. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 मध्ये अमेरिकेत माणशी 221 किलो प्लास्टिक कचरा झाला. त्यात खाण्याच्या पॅकिंगखेरीज इतर प्लास्टिकही आलं, पण आपण त्याच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत मात्र भाचा जिंकेल. धातू नव्याने काढायला किलोमागे चौदा-पंधरा युनिटं लागतात आणि आपले कारखाने ती वीज बहुतांशी स्वतःच्या कोळशावरच करतात. अमेरिकेत येणारं बरंचसं अ‍ॅल्युमिनियम कॅनडाचं, पाण्याच्या विजेवर केलेलं. तेव्हा पुढच्या फोनला त्याला आधी विचारा, कशाचं पॅकिंग, आणि हिशोब माणशी की अख्ख्या देशाचा?

मग पिशवी सोडून काचेची बाटली लावावी का? (रामबाग)

बाटली रोज परत जाऊन, धुऊन पुन्हा भरली जात असेल आणि डेअरी जवळची असेल, तर जरूर. एकदा वापरून फेकायची असेल तर नको. काच वितळवायला 1,500 अंशांच्या आसपासची भट्टी लागते आणि बाटलीचं वजन पिशवीच्या कितीतरी पट.

तरी एक गोष्ट सांगतो, रागावू नका. गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाऊन अर्धी वाटी सांडलं, तर पिशवीच्या कितीतरी पट कार्बन वाया गेला. गाई-म्हशींचा चारा आणि त्यांच्या पोटातला मिथेन हिशोबात धरला की पिशवी किरकोळ ठरते. जगभरात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात पॅकिंगचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच आहे.

चकचकीत पाकिटापेक्षा सेव पूर्वीसारखी कागदात घेतलेली बरी ना? (मल्हारगंज)

वर्तमानपत्रात मुळीच नको, शाई तेलात उतरते. पाकिटाचा दोष वेगळा आहे. त्याचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की सुटे करून पुन्हा वापरणं जवळपास अशक्य, शेवटी ते सिमेंटच्या भट्टीत जातं. पण त्याच थरांमुळे महिनाभर सेव खवट होत नाही. पुण्याच्या लेकीला पाठवायची असेल तर पाकीटच घ्या. आठवड्याची घरची सेव आपला स्टीलचा डबा नेऊन तोलून आणा. इंदुरात राहून बंद पाकिटातली सेव खायची, हे मला तसंही पटत नाही!

स्वच्छतेत आपल्या इंदूरचा पहिला नंबर येतो. म्हणजे कार्बनही कमीच असणार? (लोकमान्यनगर)

ही दोन वेगळी खाती आहेत. पाकिटाचा कार्बन ते आपल्या हातात येण्याआधीच हवेत गेलेला असतो. कचरागाडी वेळेवर आली म्हणून तो परत येत नाही.

उरलेल्या अन्नाचं मात्र तसं नाही. ते ढिगाऱ्यात हवेशिवाय कुजलं की मिथेन होतो, शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवणारा. आपल्या इंदूरच्या देवगुराडियाला 2022 पासून रोज 550 टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा प्रकल्प आहे, तिथे याच मिथेनचं इंधन होतं. पण बाहेरून मागवलेली भाजी फॉइलच्या डब्यात तशीच ठेवून डबा सुक्या कचऱ्यात टाकला, तर ती तिथवर पोचणार कशी? आधी डबा निपटून रिकामा करा, विसळा, मग सुक्यात.