मुलीला कॉम्प्युटरची भीती वाटते, आयटी घेऊ द्यावं का?

नमस्कार ताई,

तुमची जुळी मुलं यंदा दहावीला आहेत. मुलगा कॉम्प्युटरवर सराईतपणे काम करतो. मुलगी मात्र ‘काही बिघडलं तर?’ म्हणत उठून जाते. मुलगा सॉफ्टवेअरमधल्या मामावर गेलाय, मुलगी माझ्यावर, असं तुम्ही लिहिता. मग तिला अकरावीला आयटी घेऊ द्यावं का, हा तुमचा प्रश्न.

स्वभावात आणि आत्मविश्वासात अनुवंशाचा काही वाटा असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सगळी सारखी, तर तुमच्या मुलांसारख्या जुळ्यांत साधारण निम्मी, म्हणजे कुठल्याही सख्ख्या भावंडांइतकीच. पण असा वाटा मोजतात तो मोठ्या गटातल्या फरकाचा. एका मुलीच्या भीतीत रक्त किती आणि घर किती, हे त्यातून सांगता येत नाही.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा वाचली. ‘लॅपटॉप त्याच्या टेबलावर असतो.’ आणि ‘लाइटबिल, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सातबारा काढणं, मोबाइलवरचं सगळं तीच करते.’ ताई, ओटीपी येईपर्यंत थांबणं, फोटो ठरलेल्या केबीत बसवणं, साइट अडकली की पुन्हा लॉगिन करणं हे कॉम्प्युटरचंच काम आहे. ते कुणी तिच्या खात्यावर मांडलं नाही, इतकंच. 2018 च्या आयसीआयएलएस या कॉम्प्युटर वापरण्याचं कौशल्य मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही आठवीच्या मुली सरासरीने मुलग्यांपेक्षा सरस ठरल्या, तरी अवघड तांत्रिक कामं जमतील असा विश्वास मुलांनाच जास्त होता.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः करून जमल्यावर येतो. म्हणून लॅपटॉप बाहेरच्या खोलीत आणा, तिचं वेगळं लॉगिन करा आणि रोज तासभर तो फक्त तिचा. घरखर्चाचा हिशेब एक्सेलमध्ये तिलाच मांडू द्या. अडली तर भावाने माऊस हातात घ्यायचा नाही, हे मात्र कडक पाळा. ‘स्क्रीनवर काय लिहून आलंय, वाच’ एवढंच म्हणायचं.

आयटी घेऊ द्या, तिची इच्छा असेल तर. नसेल तरी ही सवय लावाच. पुढे एमएचटी-सीईटी द्यायची झाली तर ती परीक्षा कॉम्प्युटरवरच असते. आणि मामांना सांगा, पुढच्या वेळी आले की तासभर भाचीजवळही बसा.