अमेरिकेत कोर्टाने सक्तीने मनोरुग्णालयात भरती केलेल्या माणसाला जबरदस्तीने औषध देता येतं का?

भरतीचा आदेश निघाला म्हणजे इंजेक्शनचीही परवानगी मिळाली, असं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८६ च्या रिव्हर्स विरुद्ध कॅट्झ निकालापासून औषधासाठी वेगळी सुनावणी लागते. उपचाराचा निर्णय घेण्याची रुग्णाची क्षमताच नाही, हे सरकारी पक्षाला ठोस पुराव्याने सिद्ध करावं लागतं. डॉक्टरांचं ऐकत नाही, एवढं पुरत नाही (आणि पुरूही नये). ते सिद्ध झालं तरी न्यायाधीश औषधाचा फायदा, हात थरथरणं, वजन वाढणं असे दुष्परिणाम आणि कमी त्रासाचा पर्याय तपासतात. मॅसॅच्युसेट्समध्ये तर हा माणूस निर्णयक्षम असता तर त्याने काय निवडलं असतं, याचा विचार होतो. कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर मात्र आदेशासाठी थांबत नाहीत. बाकी राज्यागणिक नियम बदलतात, म्हणून आधी रुग्णाचा वकील गाठा.