सिंधुदुर्गातल्या रेडीच्या जुन्या लोहखाणींत रात्रीचा मुक्काम करता येईल का?

खाणीच्या आत नाही. मुक्काम रेडीत किंवा शिरोड्यात करा आणि खाण उजेडातच, गावातला वाटाड्या सोबत घेऊन, काठापासून लांबून बघा. याचं कारण म्हणजे त्या कडा. वरचा जांभा (तांबडा दगड) कडक दिसतो, पण त्याखाली मऊ माती नि भुसभुशीत खनिज असतं. साचलेलं पाणी ते खालून पोखरतं आणि वरचा थर नुसता पुढे लोंबत राहतो. वरून काही कळत नाही, माणूस उभा राहिला की तुटतो. म्हणून निदान 5 मीटर मागे राहा. काठाला समांतर भेग दिसली तर त्याहूनही बरंच मागे. हिरवंनिळं पाणी बघून उतरू तर अजिबात नका. खाण टप्प्याटप्प्याने खोदलेली असते, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल एकदम खोलात जातं, आणि चिकट गाळामुळे परत वर चढता येत नाही.

सोबत एवढं ठेवा:
- प्रत्येकाला डोक्याची बॅटरी
- घोट्यापर्यंतचे, पकड असलेले बूट
- 20 मीटर दोरी (कुणी पडलं तर त्याच्याकडे टाकायला, उतरायला नव्हे)

मात्र काम थांबलेलं दिसलं म्हणजे खाण सोडून दिली असं समजू नका. भाडेपट्टा चालू असेल तर आत शिरायला खाणचालकाची परवानगी लागते. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर जाऊच नका, कडा तेव्हाच जास्त ढासळतात. खाणीत 1976 साली सापडलेल्या द्विभुज गणपतीचं देऊळ आणि यशवंतगड मात्र सकाळी निवांत होतात.