आधी लायब्ररीत जा, मग धरणाला हात घाल

सप्रेम आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. एम.टेक.च्या प्रबंधाला कोयना धरण आणि भूकंप हा विषय घेतलास, बरं वाटलं. पण ‘मॅडम, यावर फारसं काम झालेलंच नाही, गुगलवर सात-आठ पेपर मिळाले’ हे वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

अरे, ११ डिसेंबर १९६७च्या त्या पहाटेवर जगभरचे इंजिनिअर अजून लिहिताहेत. धरणातल्याच यंत्राने धक्क्याची नोंद केली, आणि उतार बदलतो त्या पातळीच्या आसपास भिंतीला आडवे तडे गेलेलेही दिसले. धक्का किती आणि इजा कुठे, दोन्ही एकाच धरणाबद्दल कळावं असं फार क्वचित होतं. त्यामुळे काँक्रीटच्या धरणासाठी नवं मॉडेल काढलं की ते आधी कोयनेवर चालवून बघायचं, अशी रीतच पडली. तू जे अबॅकस सॉफ्टवेअर वापरतोस, त्याच्या उदाहरणांच्या मॅन्युअलमध्ये कोयना आहे. उघडून बघितलंस का कधी?

तुला हसत नाही. मी एम.ई. करत होते तेव्हा चार महिने बसून एक गणित सोडवलं. टाइप करायला द्यायच्या आधी आमच्या ग्रंथपालांनी सहज विषय विचारला, आतल्या खोलीत गेले आणि धूळ झटकत एक बाइंड केलेला खंड घेऊन आले. माझं गणित त्यात होतं, माझ्यापेक्षा नीट मांडलेलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर शोधायचं कसं? विषयाचा शब्द टाकून नाही, एका चांगल्या पेपरचं शेपूट धरून. चोप्रा आणि चक्रवर्ती यांचा १९७२चा पेपर घे, ‘अर्थक्वेक इंजिनिअरिंग अँड स्ट्रक्चरल डायनॅमिक्स’च्या पहिल्याच खंडात आहे. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जाता येतं, ते तुला माहीत आहे. पण तो पेपर पुढे कोणी कोणी उद्धृत केला, हे बघत पुढेही यायचं असतं. युजीन गारफिल्डने १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला तो याचसाठी. आज हेच काम स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या वर्गणीच्या डेटाबेसमध्ये क्लिकवर होतं. तुमच्या विद्यापीठाने यातलं काय घेतलंय ते काउंटरवर विचार. काहीच नसेल तर गुगल स्कॉलरवर ‘सायटेड बाय’ दाब. त्यात गाळ पुष्कळ येतो, पण वाट सापडते.

असं पुढे येताना १९९८ला ली आणि फेन्व्हेस भेटतील. त्यांच्या पेपरच्या शीर्षकात ‘कोयना’ हा शब्द नाही, तिथे काँक्रीट कसं तडकतं ते मांडणाऱ्या ‘प्लास्टिक-डॅमेज’ मॉडेलची भाषा आहे, आणि आत मात्र आपलं धरण! तुला सात-आठच पेपर का मिळाले ते कळलं ना? तू धरणाचं नाव शोधत होतास. ‘ग्रॅव्हिटी डॅम’, ‘सिस्मिक क्रॅकिंग’, ‘डॅम-रिझर्व्हॉयर इंटरॅक्शन’ असे शब्द आलटून पालटून लावून बघ. कंपेंडेक्स ही इंजिनिअरिंगच्या पेपरांची सूची मिळत असेल तर त्यातले ठरवून दिलेले विषयशब्द वापर. त्या सूचीची परंपरा १८८४पासूनची आहे, आपल्या अंदाजापेक्षा ती शहाणी. एक मात्र कर, जलाशयामुळे भूकंप होतो का, या वादात शिरू नकोस. ते भूभौतिकीवाल्यांचं रान आहे, दोन वर्षं त्यातच जातील.

आता पैशांचं. पेपर उघडला की डॉलर मागतात म्हणून मित्राने टेलिग्रामचा ग्रुप सुचवला म्हणतोस. गरज नाही. तुझं कॉलेज सरकारी आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे सरकारी संस्थांसाठी जर्नल्सची एकत्र वर्गणी, मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी. ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल्स, २०२५पासून. त्यात एल्सव्हिअर, स्प्रिंगर, वायली आहेत आणि आपली अमेरिकन सिव्हिलवाल्यांची एएससीईही. कॅम्पसच्या नेटवर बस, किंवा इन्फेडचं लॉगिन लायब्ररीतून मागून घे, मग खोलीवरूनही उघडेल. हा सगळा कारभार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणारं केंद्र बघतं. १९९१ला ते सुरू झालं ते आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेचा प्रकल्प म्हणून, हे जाता जाता. खासगी कॉलेजातल्या तुझ्या मैत्रिणीला मात्र पहिल्या टप्प्यात हे दार बंद आहे. ज्ञानाची शिधापत्रिका कॉलेजच्या मालकीवरून ठरावी हे मला पटत नाही. तिला म्हणावं, शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध आणि बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, पोर्टलवरचे आयएस कोड सगळ्यांना फुकट आहेत.

तूही शोधगंगा चाळ. पेपरमध्ये आठ ओळींत उरकलेली गोष्ट प्रबंधात साठ पानं सांगितलेली असते, फसलेल्या प्रयत्नांसकट. आयएस १८९३ हा भूकंपाचा कोड घेताना आवृत्तीचं वर्ष बघ. कोयनेनंतर भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला, तेव्हा जुन्या पेपरातला आकडा आणि आजचा कोड यांची सांगड आपोआप बसणार नाही.

जुने खंड वर्गणीत असतीलच असं नाही. नसला तर हताश होऊन सारांशावरून उद्धृत करू नकोस, मी परीक्षक असताना अशी मुलं लगेच ओळखायचे. ग्रंथपालांना लेखक, वर्ष, खंड, पानं असं चिठ्ठीवर लिहून दे. ते दुसऱ्या लायब्ररीतून मागवतात, त्यांच्या कामाचाच तो भाग आहे. ‘सर, कोयनेवर काही आहे का?’ असं विचारलंस तर कपाट दाखवतील. ‘धक्क्याची मूळ नोंद कुठल्या पेपरात छापली आहे?’ विचारलंस तर खुर्ची देतील.

काय शोधलं, कुठे, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेला, हे वहीत लिही. संदर्भ साठवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर टाकून घे, फुकट आहे.

सोमवारी लायब्ररी दहाला उघडत असेल. चिठ्ठी आजच तयार कर, आणि १९७२चा पेपर हातात आला की मला फोन कर. त्यातली एक आकृती तुझ्याबरोबर बसून बघायची आहे.

तुझी,
मॅडम